कवितेने मन बरे होते का?

प्रश्न : मी २३ वर्षांचा, चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. रात्रपाळीनंतर झोप येत नाही, तेव्हा कविता लिहितो, बरे वाटते. याला उपचार म्हणावे का?

उत्तर : उपचाराला जोड म्हणा, पर्याय नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटे मनातले सल लिहिले. लिहिल्यावर लगेच ते उलट खिन्नच झाले. पुढच्या काही महिन्यांत मात्र, विशेषतः घटना आणि भावना दोन्ही मांडणाऱ्यांच्या, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा लिहिताना रडू आले तर घाबरू नका, आणि नुसते ‘दुःख, दुःख’ न लिहिता पाळी, मशीन, मुकादमही कवितेत येऊ द्या. नारायण सुर्वे यांच्या कवितेत गिरणगाव असेच नावानिशी येते. (यमकाची चिंता कशाला?) कोणी म्हणेल, शेनझेनमधल्या कारखान्यातला कवी शू लिझी उत्तम लिहीत होता, तरी २०१४ मध्ये, २४व्या वर्षी त्याने जीवन संपवलेच. हा आक्षेप खरा आहे. कवितेने पाळीचे तास घटत नाहीत, कंत्राट कायम होत नाही. म्हणून झोप दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आजच बोला. डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या. कधीपासून काय होते आहे, हे तिच्यावरून सांगणे सोपे जाईल.