पाऊण किलोचे किती झाले?

पालकहो, बिल होतं 87 रुपयांचं. गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली आणि वर सात रुपये सुटे ठेवले. गल्ल्यावरच्या मुलाने ते सात परत केले, "काका, शंभर पुरेत की!" आणि यंत्रावर 13 हा आकडा बघून तो चिल्लर शोधत बसला. हा किस्सा तुमच्याही मोबाइलवर कधीतरी आला असेल. त्याच्याखाली आपण ठरलेलं वाक्य लिहितो : आमच्या वेळी असं नव्हतं.

याच विषयावर मला तुमच्याशी बोलायचंय, कारण या विनोदात आपण मुलांवर थोडा अन्याय करतो.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस ही संख्या 'वीस एक' अशीही वाचायची पद्धत आली, तेव्हा विनोदांना नुसता ऊत आला होता. विधानसभेत तर तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांच्या आडनावातल्या 'वीस'चीही फोड झाली. पण त्यामागचं कारण किती जणांनी ऐकून घेतलं? सत्तावन्न म्हणताना सात आधी येतो, लिहिताना पाच. सात वर्षांचं पोर ऐकल्याबरहुकूम 75 लिहून मोकळं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर हेच सांगत होत्या आणि जुनी पद्धत पुस्तकात कायम होती. दर्जा घसरल्याची ओरड त्या पानापुरती तरी चुकीची होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावकी, निमकी, दिडकी, औटकी गेली म्हणूनही हळहळू नका. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते तोवर त्या पाढ्यांशिवाय बाजारात पान हलत नव्हतं. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, मागोमाग किलो-ग्रॅम आले, आणि त्या पाढ्यांचं काम संपलं.

खरी काळजी वेगळी आहे. 2023 च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं होतं. ते जेमतेम 43 टक्के मुलांना जमलं. आणि 2025 मध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो तर प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं भाव, वजन, मोड यांचे हिशेब तोंडी करत होती. तशीच गणितं पुस्तकी भाषेत मांडली की अडत होती. शाळेतली मुलं पुस्तकातली गणितं त्यांच्यापेक्षा बरी सोडवत, पण बाजारचा हिशेब आला की गडबडत.

म्हणजे काय होतं ते टोमॅटोवर बघा. साठ रुपये किलोचे टोमॅटो, पाऊण किलो हवेत. भाजीवाली म्हणते, "पावाचे पंधरा, तीन पाव, पंचेचाळीस." पिशवीची गाठ मारेपर्यंत तिचा हिशेब झालेला असतो. तुमची सहावीतली मुलगी 0.750 गुणिले 60 मांडते, दशांशचिन्ह कुठे द्यायचं यावर अडते आणि 450 उत्तर काढते. साडेचारशे रुपयांचे पाऊण किलो टोमॅटो! तिला त्यात काही खटकत नाही, हे जास्त वाईट. कारण टोमॅटोचे पैसे तिने कधी मोजून दिलेलेच नाहीत. आपण क्यूआर कोड स्कॅन करतो, यंत्रातून आवाज येतो, संपलं. वाण्याकडे यादी आणि नोट घेऊन धावायचं, मोड मुठीत आणायची, घरी येऊन हिशेब द्यायचा, हे सगळं आपण सोयीसाठी मुलांच्या हातून काढून घेतलं. शाळेने नाही, आपण.

ते परत देता येईल. आठवड्याची भाजी मुलांना रोख पैशांनी आणायला लावा. भाजीवालीने कसं मोजलं ते विचारू द्या, आणि घरी आल्यावर तोच हिशेब वहीत शाळेच्या पद्धतीने मांडायला सांगा. दोन्ही उत्तरं जुळली की चेहरा बघा त्यांचा! दुकानात 649 च्या शर्टावर 20 टक्के सूट असेल तर मोबाइल काढण्याआधी विचारा, ठोकळमानाने किती कमी होतील? साडेसहाशेचा दहावा भाग पासष्ट, त्याची दुप्पट एकशे तीस. एवढं तोंडी जमलं की पुरे.

मागे रांग असली, भाजीवाली घाईत असली, तरी मुलाच्या आधी उत्तर सांगू नका. आणि मोडीचे चार रुपये कमी आले, तर ते मागायला त्यालाच परत पाठवा.