गॅरेजात शहाणी, दारात हट्टी

आमची गाडी गॅरेजात गेली की शहाण्यासारखी वागायची. मेकॅनिकने किल्ली फिरवली की पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू. रत्नागिरीच्या पावसात घरासमोर मात्र किल्ली फिरवावी तर नुसता एक ‘टक’. जरा थांबून पुन्हा फिरवली की कधी चालू, कधी नाही. बॅटरी नवी घातली. सेल्फ खोलून कार्बन-बुश बदलले. दोन्ही वेळा थोडे दिवस बरे गेले आणि मग ‘टक’ परत आला.

शेवटी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, “आवाज कसा येतो? नि तेव्हा दिवे मंद होतात काय?” या दोन उत्तरांत निम्मं निदान असतं. आवाज ‘टकटकटक’ असा भरभर आला आणि दिवे विझू लागले, तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा तिचं टर्मिनल ढिलं. एकच ठोस ‘टक’ आला, तर सेल्फ किंवा त्याच्यापर्यंत जाणारी जाड वायर. आवाजच नाही, तर क्लच किंवा गिअरचा स्विच, रिले, इग्निशन स्विच. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, हा निराळाच आजार: डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो का पाहा, किल्ली ‘ऑन’ केल्यावर पेट्रोल पंपाची घरघर येते का ऐका. गाडी तापल्यावरच असं होत असेल, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या.

त्यांनी मग मल्टिमीटर काढला. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १४. आमचे दोन्ही आकडे उत्तम. पण खरी परीक्षा सेल्फ मारतानाच होते, कारण तेव्हा शंभराहून जास्त अँपिअर करंट वाहतो. एरवी निर्दोष दिसणारा जोड त्या क्षणी हात टेकतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मला म्हणाले, “मारा सेल्फ.” इथे पाव-अर्ध्या व्होल्टाच्या आत आकडा हवा. आमचा दीडच्या वर गेला.

इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजली होती. खाऱ्या हवेत नि दमट पावसाळ्यात हे व्हायचंच. वरून ती धडधाकट दिसायची. गॅरेजात कोरडं नि ऊन असायचं, म्हणून तिथे गाडी कधी पकडली गेली नाही.

मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून बघा. सेल्फ लगेच फिरला तर दोष अर्थिंगचा. हात, बाह्या पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

पट्टीला सेल्फच्या बिलापुढे किरकोळ पैसे पडले. बसवताना आधी मायनस सोडायची, शेवटी मायनस जोडायची, धातू घासून चकचकीत करायचा आणि बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावायची. आता दर पावसाळ्याआधी मी ती पट्टी सोडून बघतो. मेकॅनिकला हसू येतं, येऊ दे.