लघवीतून रक्त आले तर...



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचे दिवस आणि उन्हाचा कहर. अशा वेळी कुणाची लघवी लाल झाली की घरचे म्हणतात, उन्हाळी लागली किंवा मुतखडा असेल. धने-जिऱ्याचे पाणी दिले जाते. दोन दिवसांत लघवी स्वच्छ होते आणि विषय मिटतो. तो मिटू नये म्हणून आज आम्ही हे लिहीत आहोत.

मुतखड्यात बहुधा कळा येतात, उन्हाळीत जळजळ होते. मूत्रपिंडाच्या, म्हणजे किडनीच्या कर्करोगात रक्त अनेकदा काहीही न दुखता येते आणि आपोआप थांबते. गाठ मात्र आत वाढत राहते. पुष्कळांना तर सुरुवातीला काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि गाठ दिसली, असे होते. म्हणून रक्त एकदाच दिसले तरी लघवीची तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. शंका आली तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात.

सिकलसेल आपल्या भागात घरोघरी ठाऊक आहे. वाहकांच्याही लघवीत कधी कधी रक्त येते आणि बहुतेक वेळा तो कर्करोग नसतो. पण मूत्रपिंडाचा एक दुर्मीळ, फार वेगाने पसरणारा कर्करोग जवळजवळ फक्त सिकलसेलच्या वाहकांतच आढळतो, तोही बहुधा तरुण वयात. १९९५ साली डॉक्टरांनी त्याची वेगळी नोंद केली. तेव्हा आपला सिकलसेलचा रिपोर्ट डॉक्टरांना आवर्जून दाखवावा.

विडी-सिगारेट, लठ्ठपणा आणि वाढलेला रक्तदाब यांनी या रोगाचा धोका वाढतो. (पाने तोडतो ती पोटासाठी, तीच पुन्हा ओढायची कशाला?)

‘किडनी काढली की जन्मभर डायलिसिस’ या भीतीने काही जण ऑपरेशन टाळतात. दुसरी किडनी चांगली असेल तर माणूस एकीवर नीट जगतो, शेतीचे कामही करतो. गाठ लहान असेल तर पुष्कळदा तेवढीच काढून बाकीची किडनी वाचवता येते. रोग किडनीपुरताच असताना ऑपरेशन हाच मुख्य इलाज आहे आणि त्याने अनेक जण पूर्ण बरे होतात. नेहमीच्या प्रकारावर केमोथेरपी फारशी चालत नाही. रोग पसरला असेल तर २००५-०६ पासून आलेल्या खास गोळ्या आणि त्यानंतरची, शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शने देतात. त्यांनी आयुष्य वाढते, पण ती महाग आहेत.

खर्चाच्या धास्तीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो; रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

ऑपरेशननंतरही ठरलेल्या तारखांना तपासणीला जावे लागते. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. उरलेल्या किडनीला त्या बाधू शकतात.