रेषेची साधना

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक लागते. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी येथे वस्ती नव्हती. खडकाळ माळ, निवडुंगाची बेटे आणि त्यांत वावरणारे साप, एवढेच या जागेचे वैभव होते. आज येथे कारखाना आहे, घरे आहेत, वृक्षांची दाट सावली आहे. या गावाचा उगम एका मुलाच्या चित्रकलेच्या छंदात आहे, असे कोणी सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. परंतु ती गोष्ट खरी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींचा नाद होता : चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे. चित्रकार व्हावे या ओढीने 1885 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. घरच्या वडीलधाऱ्यांना हा मार्ग पसंत नव्हता. तरीही त्यांनी तो धरला. दिवसामागून दिवस कागदावर रेषा उमटू लागल्या. हात स्थिर झाला, नजर तीक्ष्ण झाली.

आणि मग एके दिवशी असे आढळून आले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या सूक्ष्म पेशी असतात. त्यांपैकी एखाद्या प्रकारात उणीव राहिली, म्हणजे काही रंग एकमेकांसारखे भासतात. हा दोष बहुधा जन्मजात असतो. त्यात त्या मनुष्याचा काहीच अपराध नसतो. परंतु चित्रकार होण्यासाठी घर सोडून आलेल्या तरुणास हे ऐकून काय वाटले असेल, याची तुम्हीच कल्पना करा. ज्याच्यासाठी एवढा अट्टहास केला, त्याच वाटेवर भिंत उभी राहिली होती.

लक्ष्मणराव निराश होऊन परत फिरले नाहीत. रंग दुरावले, तरी रेषा आपली आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी यंत्रांची रेखाकला शिकण्यास आरंभ केला. या कलेत रंगांची सजावट नसते. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते, ते मोजून काढावे लागते. जी कड डोळ्यास दिसत नाही, ती तुटक रेषेने दाखवावी लागते. प्रत्येक रेषेशेजारी तिचे माप लिहावे लागते. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हीच विद्या शिकवू लागले.

नोकरी सोडल्यानंतर बेळगावात वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचा व्यवसाय चालविला आणि पुढे शेतीची अवजारे बनविण्यास हात घातला. कडबा कापण्याचे यंत्र झाले, लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमीन नासेल, अशी भीती अनेक शेतकऱ्यांना वाटे. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळची बत्तीस एकर माळजमीन देऊ केली. बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते. सातारा जिल्ह्यातील औंध येथे, यमाईच्या डोंगरावर, 1938 साली त्यांनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा, धुरंधर अशा थोर चित्रकारांची चित्रे आजही पाहावयास मिळतात. एका चित्रकाराने दुसऱ्यास माळ दिला आणि 1910 साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

आता रेषेचे महत्त्व पाहा. नांगराचा ओतीव भाग तयार करताना प्रथम त्याचा आराखडा कागदावर काढतात. आराखड्यावरून लाकडी नमुना करतात. तो नमुना वाळूत दाबून त्याचा ठसा घेतात आणि त्या पोकळीत तापून वितळलेला रस ओततात. लोखंड निवताना शेकडा एक भागाइतके आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो. हा हिशेब चुकला, तर सारा भाग वाया जातो. कागदावरची चूक खोडरबराने पुसता येते. लोखंडातली चूक पुसता येत नाही. म्हणून कारागिराच्या हातोड्याइतकीच चित्रकाराची पेन्सिलही जबाबदार असते.

मुलांनो, तुमच्या काळात साधने पालटली आहेत. यंत्रांचे आराखडे आता संगणकावर निघतात. काचेच्या पाटीवर विजेच्या लेखणीने चित्र काढता येते. चुकलेली रेषा एका खुणेसरशी नाहीशी होते. एका थरावर रेषा आणि दुसऱ्या थरावर रंग ठेवता येतो. रंग बिघडला, तरी रेषेस धक्का लागत नाही. शिवाय पडद्यावरील प्रत्येक रंगास अंक असतात. तांबडा, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण प्रत्येकी 0 ते 255 या अंकांनी दाखवितात. ज्याच्या डोळ्यास रंगभेद कळत नाही, त्यास हे अंक वाचून रंग निवडता येतो. लक्ष्मणरावांना हे साहाय्य लाभले नव्हते. आजच्या मुलास ते सहज लाभते.

परंतु यंत्र रेषा पुसून देते, पाहण्यास शिकवीत नाही. समजा, पलूसची एखादी विद्यार्थिनी घरातला तांब्या पुढे ठेवून चित्र काढीत आहे. तांब्याचे तोंड वाटोळे आहे, हे तिला ठाऊक असते. म्हणून ती प्रथम पूर्ण वाटोळा आकार काढते, आणि चित्र फसते. मग ती नीट पाहते. समोरून पाहताना ते तोंड लंबगोल दिसते. डोळा खाली नेला, की तो लंबगोल चपटा होत जातो. तोंड डोळ्याच्या पातळीत आले, की केवळ एक आडवी रेघ उरते. ज्या क्षणी ती आपल्यास ठाऊक असलेले बाजूस ठेवून दिसते ते काढते, त्या क्षणी तिच्या कलेची खरी वाढ सुरू होते. मग हाती शिसपेन्सिल असो वा विजेची लेखणी. आपल्या राज्यातील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांसाठी वस्तुचित्राचा सराव करावा लागतो, तो याच कारणाने.

आपल्या प्रत्येक चित्राखाली दिनांक घालून ते जपून ठेवावे. फसलेले चित्र फाडू नये. सहा महिन्यांनी ती वही उघडली, म्हणजे आपण किती वाट चाललो, ते आपल्या डोळ्यांना दिसते. संगणकावर चूक पुसण्याची सोय आहे, म्हणून प्रत्येक चूक पुसून टाकू नये. काही चुका आपल्या शिक्षक असतात.

लक्ष्मणराव 1956 साली निवर्तले. चित्रकार होण्याचे त्यांचे स्वप्न पुरे झाले नाही. परंतु त्या स्वप्नासाठी घेतलेले श्रम वाया गेले नाहीत. रंगांनी त्यांस नाकारले, तेव्हा कमावलेला हात त्यांच्या जवळच होता. त्या हाताने काढलेल्या रेषा शेतात नांगर होऊन चालल्या आणि माळावर गाव होऊन उभ्या राहिल्या.

स्वाध्याय

1. रंग दुरावल्यावर लक्ष्मणरावांनी कोणती वाट धरली? ती वाट त्यांना का साधली?

2. 'कागदावरची चूक पुसता येते. लोखंडातली पुसता येत नाही.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

3. घरातील एक भांडे घ्या. ते समोरून, वरून आणि बाजूने पाहून तीन आकृती काढा. त्यांखाली मापे व दिनांक लिहा.