ऊन फुकट, दिवा उधारीचा

उन्हाचे बिल कोणालाच येत नाही. मग ज्या गरीब देशांत ऊन भरपूर आणि वीज दुर्मिळ, तेथे घरोघरी सौर दिवे केव्हाच का लागले नाहीत? याचे अर्धेच उत्तर पदार्थविज्ञानात सापडते. उरलेले अर्धे व्याजाच्या गणितात आहे.

रॉकेलचा कंदील पाहा. कंदील स्वस्त असतो. खर्च होतो तो रॉकेलवर, आणि तोही थोडा थोडा. सौर संचाचे नेमके उलटे. पॅनेल, बॅटरी, दिवे यांचे पैसे पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. जणू पुढील वीस वर्षांचे रॉकेल एकदम विकत घ्यायचे! (बॅटरी मध्येच बदलावी लागते, ते तूर्त सोडून देऊ.) एवढी रक्कम गरीब घराजवळ नसते, गरीब देशाजवळही नसते. म्हणजे कर्ज काढणे आले.

समजा, १०० रुपयांचे कर्ज २० समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे आहे. व्याज शेकडा १२ असेल, तर हप्ता सुमारे १३ रुपये ४० पैसे पडतो. तेच ०.७५ असेल, तर फक्त ५ रुपये ४० पैसे. पॅनेल तेच, ऊन तेच. तरी पहिली वीज जवळजवळ अडीचपट महाग! चक्रवाढीचा एक ठोकताळा लक्षात ठेवा : ७० ला व्याजदराने भागले, की रक्कम दुप्पट होण्याची वर्षे मिळतात. १४ टक्क्यांना ५ वर्षे, ०.७५ टक्क्याला सुमारे ९३. किरणोत्सर्गी पदार्थांचे अर्धायुष्य शिकलेल्यांना हे गणित ओळखीचे वाटेल.

०.७५ हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. जागतिक बँकेच्या समूहातील आंतरराष्ट्रीय विकास संघटना १९६० साली स्थापन झाली. कर्जाची मुदत ५० वर्षे, पहिली १० वर्षे मुद्दल फेडायचे नाही आणि व्याजाऐवजी ०.७५ टक्के सेवा-आकार, अशा तिच्या सुरुवातीच्या अटी होत्या. पुढे मुदती कमी झाल्या. तिच्या निधीत प्रामुख्याने श्रीमंत देश भर घालतात. भारतही तिचा मोठा कर्जदार होता. २०१४ साली तो त्या यादीतून बाहेर पडला.

बांगलादेश तेव्हा अल्प उत्पन्नाचा देश होता. या संघटनेच्या व इतरांच्या मदतीने तेथे २००३ साली घरगुती सौर संचांची योजना सुरू झाली. ५० वॅटचे एक पॅनेल घ्या. दिवसाला ५ तास पूर्ण ऊन धरले, तर २५० वॅट-तास ऊर्जा मिळते. तिसरा हिस्सा वाया गेला, तरी ५ वॅटचे चार दिवे ४ तास जळून (८० वॅट-तास) मोबाइलपुरती ऊर्जा शिल्लक राहते. अभ्यासाला एवढा उजेड पुष्कळ झाला.

घराने थोडी रक्कम आधी द्यायची, बाकीची दोन-तीन वर्षांत हप्त्यांनी. गावोगाव फिरणाऱ्या संस्थांचा खर्च मिळवला, की घरापर्यंत पोचलेले व्याज ०.७५ टक्के मुळीच राहत नसे. ते बरेच जास्त असे. म्हणून सुरुवातीला प्रत्येक संचामागे अनुदान होते, ते हळूहळू कमी करत नेले. ५०,००० संचांचे पहिले उद्दिष्ट तीन वर्षे आधीच, २००५ साली पुरे झाले. २०१८ पर्यंत ४० लाखांहून अधिक संच बसले.

पुढे तारांची वीज अनेक खेड्यांत पोचली आणि कित्येक पॅनेले अडगळीत पडली. हप्तेही थकू लागले. सरकारने घेतलेल्या मूळ कर्जाची मुदत मात्र अजून संपलेली नाही.