ल्युपस मेंदूवर येतो तेव्हा

सांधे दुखतात, ताप येतो-जातो, केस गळतात. नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टा उठतो आणि उन्हात तो वाढतो. कोराडी-महादुल्याच्या उन्हाळ्यात कोणाचा चेहरा लाल होत नाही, म्हणून घरी कोणी मनावर घेत नाही. मग एक दिवस तीच लेक असंबद्ध बोलू लागते, घरच्यांना ओळखत नाही किंवा तिला झटका येतो. "बाहेरचं लागलं" असं म्हणणारं वस्तीत कोणीतरी निघतंच. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला तिथेच सांगावे.

ल्युपसमध्ये शरीराची राखण करणारी प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. दहातले नऊ रुग्ण स्त्रिया, त्याही बहुधा 15 ते 45 वयाच्या. हा आजार लागट नाही. तिचे ताट-पेला वेगळा करू नका. मेंदूत कधी सूज येते, कधी रक्ताच्या गुठळीने बारीक नळी बंद होऊन लकवा मारतो. विसरभोळेपणा, उदासी, भास, हातापायांना मुंग्या हेही त्यातच येते. अमेरिकेतील संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने 1999 मध्ये मज्जासंस्थेच्या अशा 19 तक्रारी नोंदवल्या.

डॉक्टरही इथे अडतात, कारण एका तपासणीत उत्तर मिळत नाही. एएनए ही रक्ततपासणी निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकते. एमआरआय कधी अगदी साफ येतो. आपल्याकडे मेंदूचा टीबीही असाच दिसतो, म्हणून पाठीतले पाणी तपासावे लागते. त्याला घाबरून नकार देऊ नये. शिवाय ल्युपसवर दिलेल्या स्टिरॉइडनेच कधी भ्रम होतो. म्हणजे एका डॉक्टरने औषध वाढवायचे आणि दुसऱ्याने कमी करायचे, असा पेच.

हा पेच सोडवायला घरची माहितीच लागते. ताप कधी आला, गोळी कधी सुरू झाली, बोलणे कधी बिघडले, हे तारखेसह वहीत लिहा. जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालूनच मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्समध्ये जा. झटका, लकवा, बेशुद्धी असेल तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत न्या.

बरे वाटले म्हणून स्टिरॉइड एकदम बंद करू नका, जिवावर बेतते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी वर्षानुवर्षे चालते. ती घेताना डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे तपासून घ्यावेत. बाळाचा विचार असेल तर गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांना सांगा, काही औषधे बदलावी लागतात.