पणजीची नथ : मोड की लिलाव?

प्रश्न : पणजीची बसरा मोत्यांची नथ मोडावी की लिलावात द्यावी? (एक वाचक, मोरिवली)

उत्तर : मोडू नका. मोडीत सराफ सोन्याचं वजन धरतो. लिलावात बोली लागते ती मोत्यांवर. बडोद्याच्या गायकवाडांचा दुपदरी हार, ६८ मोत्यांचा, २००७ साली न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरला गेला. ‘ते राजघराणं, आमचं काय?’ हा आक्षेप रास्तच. घराण्याच्या नावाचा भाव तुम्हाला मिळणार नाही. पण मोती नैसर्गिक की संवर्धित, हे घराणं नव्हे, एक्स-रे ठरवतो. म्हणून आधी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला घ्या. नथ शंभरी ओलांडलेली असेल, तर १९७२च्या कायद्याने ती पुरावशेष ठरू शकते. मग ती परदेशी धाडता येत नाही, लिलाव देशातलाच हवा. मोती संवर्धित निघाले, तर लिलावाचं कमिशनही जड जाईल; मग खुशाल सणासुदीला घाला.